न सांगता दारू सुटत नाही

‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ ही जाहिरात लोकलच्या डब्यात तुम्हीही वाचली असेल. आमच्या वाढवणच्या घरात ती पुडी आली सासूबाईंच्या आग्रहानं, आणि ह्यांच्या कालवणात मिसळली मी. संध्याकाळी हे नेहमीसारखे पिऊन आले. थोड्याच वेळात तोंड लालबुंद, उलट्या, छातीत धडधड, मग अंग गार पडायला लागलं. शेजाऱ्याची गाडी काढून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, “जेवणातून काही दिलंत?”

दारू सोडवायला डायसल्फिराम नावाचं औषध आहे. ते पोटात असताना दारू प्यायली तर दारूचं शरीरात नीट पचन होत नाही, विषारी घटक साठतो आणि रक्तदाब कोसळू शकतो. डॉक्टर ते यकृत-हृदय तपासून, दारू थांबल्यावर, रोग्याला सगळं समजावून देतात. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत तिचा असर राहू शकतो. आमच्या पुडीत तेच होतं की आणखी काही, हे कळायला मार्ग नव्हता. पाकिटावर घटकच छापले नव्हते.

दुसरा धोका याच्या उलटा. माणसाला खोलीत कोंडून दारू एकदम तोडायची, हा उपाय आमच्या किनाऱ्यावर मोठ्या हौसेनं सांगितला जातो. रोज भरपूर पिणारा अचानक थांबला तर हात कापतात, घाम सुटतो, पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-चार दिवसांत भ्रम होऊन माणूस भलतंच पाहू-बोलू लागतो. यात जीव जाऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टर. तो पहिला आठवडा औषधांच्या आधारानं काढावा लागतो.

पण औषधानं दारू थांबते, सुटत नाही. दवाखान्यातून घरी आल्यावर काय? नाक्यावरची दुकानं तिथंच असतात. दमणचा स्वस्त माल कुणीतरी आणतोच. लग्नातल्या हळदीची रात्र टळत नाही. आणि जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोटी वर ओढल्या की हाताला काम नसतं, ते दोन महिने सर्वांत अवघड.

डॉक्टरांनीच अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचं, म्हणजे ‘एए’चं नाव सांगितलं. अमेरिकेतल्या ॲक्रन गावात 1935 साली एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारुडे, एकमेकांशी बोलून सावरले, तिथून ही चळवळ निघाली. फी नाही, फॉर्म नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. एक पिशवी फिरते, तीत जमेल ते टाकायचं. बाहेरच्यांची देणगी ते घेत नाहीत.

हे म्हणाले, “गावात कळलं तर?” मला हसू आलं. पिऊन रस्त्यात पडले तेव्हा सगळ्या गावानं पाहिलं होतं. सोडताना मात्र चोरी! तरी सभा मुद्दाम लांबची निवडली. वाणगावपर्यंत रिक्षा, पुढं लोकल, विरारच्या बाजूला एका शाळेचा वर्ग. डहाणूकडे परतीच्या गाड्या मोजक्याच, त्यामुळे वेळापत्रक पाहूनच सभा ठरवा. नाहीतर हेच कारण सांगून पुढच्या वेळी जाणं टळतं.

सभेत उपदेश कुणी करत नाही, हे मला फार आवडलं. एकेक जण उठतो, नाव सांगतो, अल्कोहोलिक असल्याचं सांगतो आणि आपलं बोलतो. मधे कुणी तोडत नाही. ह्यांनी पहिल्या काही सभांत तोंड उघडलं नाही, तेही चाललं. नंतर एक जुने सभासद मागे लागले, फोन करू लागले. त्यांना स्पॉन्सर म्हणतात. मधे एकदा घसरण झाली. त्याच आठवड्यात हे सभेत परत गेले आणि कुणी रागावलं नाही. घरी मी रागावले होते.

माझ्यासाठी वेगळी जागा निघाली. कुटुंबीयांच्या गटाला अल-ॲनॉन म्हणतात. तिथं बायका बाटल्या लपवण्याचं, मालकाला खोटं कारण कळवण्याचं, पुड्यांचं सगळं बोलत होत्या. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे, आणि राहून उपचार घ्यायचे तर आपल्याला जवळ म्हणजे वसईचं कृपा फाउंडेशन.

आमच्या गावाला सभांचं वावडं नाही. वाढवण बंदराच्या प्रश्नावर 1990च्या दशकापासून बायका-पुरुष एकत्र बसत आलेत. दारूसाठी तशी चार माणसं एका खोलीत बसायला काय हरकत आहे? गावातच एएचा गट सुरू करता येतो. दोन दारुडे सोडायच्या इच्छेनं भेटले तरी सभा होते.

कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर 14446 ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे. मन खचलं असेल तर टेलिमानसचा 14416. दोन्ही मोफत. जवळची सभा कुठे, कोणत्या वारी हे एएच्या कार्यालयात विचारून खात्री करा, जागा बदलत असतात. आणि बायांनो, तो यायला तयार नसेल तर त्याची वाट पाहत बसू नका. अल-ॲनॉनला तुम्ही एकट्या गेलात तरी चालतं.