‘आर’ भाषेची काटकसर

एका वर्गशिक्षकांनी पाच विद्यार्थ्यांचे गणिताचे गुण संगणकात भरले : ४०, ५५, ६२, ३४ आणि ७१. चौथा विद्यार्थी अवघ्या एका गुणाने मागे राहिला होता. त्याला एक गुण वाढवून दिला तर निकाल कसा दिसेल, हे शिक्षकांना पाहायचे होते. पण मूळ नोंद मात्र बदलून चालणार नव्हते, कारण ती तशीच मुख्याध्यापकांकडे द्यायची होती. म्हणून त्यांनी ‘गुण’ या यादीला ‘सुधारित’ असे दुसरे नाव दिले आणि ‘सुधारित’मधील चौथी संख्या ३५ केली.

आता प्रश्न असा : मूळ यादी शाबूत राहिली काय?

याचे उत्तर त्यांनी कोणत्या संगणक-भाषेत काम केले यावर अवलंबून आहे. ‘पायथॉन’ भाषेतील साधी यादी असेल तर मूळ यादीही बदलेल! ‘आर’ या भाषेत मात्र ती जशीच्या तशी राहील. असे का होते, हे पाहण्यासाठी आपल्याला संगणकाच्या स्मृतीत थोडे डोकावावे लागेल.

आधी थोडी ओळख

‘आर’ ही संख्याशास्त्राच्या कामासाठी तयार झालेली भाषा आहे. तिची पूर्वज म्हणजे ‘एस’ ही भाषा. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली तिच्यावर काम सुरू केले. पुढे न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोघांनी तिच्याच वळणाची एक नवी भाषा रचली. दोघांच्याही नावाचे आद्याक्षर ‘आर’, आणि इंग्रजी वर्णमालेत ‘एस’च्या आधीचे अक्षरही ‘आर’. तेव्हा नाव आपोआप ठरले. या भाषेची पहिली पूर्ण आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी प्रसिद्ध झाली. ती कोणालाही विनामूल्य वापरता येते.

या भाषेत प्रोग्रॅम रोमन लिपीत लिहितात. आपण येथे समजण्याच्या सोयीसाठी ते देवनागरीत लिहू. शिक्षकांनी लिहिलेल्या ओळी अशा :

गुण ← सी(४०, ५५, ६२, ३४, ७१)
सुधारित ← गुण
सुधारित[४] ← ३५

‘सी’ हे फलन दिलेल्या संख्या एका ओळीत जोडून त्यांची यादी तयार करते. अशा यादीला ‘आर’मध्ये सदिश म्हणतात. चौकटी कंसातील ४ म्हणजे यादीतील चौथी जागा. आणि बाण? सगळी गंमत या बाणातच आहे.

नाव म्हणजे चिठ्ठी

‘गुण’ हा एक डबा आहे आणि त्यात पाच संख्या ठेवल्या आहेत, असे आपल्याला वाटते. ‘आर’च्या बाबतीत ही कल्पना सोडून द्यावी लागते. पाच संख्या स्मृतीत एका ठिकाणी असतात आणि त्या ठिकाणाला एक पत्ता असतो. ‘गुण’ ही त्या पत्त्याला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी असते. बाणाचा अर्थ एवढाच : ‘ही चिठ्ठी त्या मूल्याला बांध.’

म्हणजे दुसऱ्या ओळीत काय घडले? ‘सुधारित’ ही दुसरी चिठ्ठी त्याच पत्त्याला बांधली गेली. संख्यांची नक्कल झालीच नाही. मात्र त्या मूल्याजवळ एक छोटा आकडा असतो : ‘मला किती जणांनी धरले आहे?’ तो १ होता, तो २ झाला.

आता तिसरी ओळ. चौथी संख्या बदलण्यापूर्वी ‘आर’ तो आकडा पाहते. तो २ आहे. म्हणजे या मूल्यावर आणखी कोणाचा तरी हक्क आहे. तेव्हा ‘आर’ पाचही संख्यांची नवी नक्कल करते, ‘सुधारित’ची चिठ्ठी नव्या पत्त्याला बांधते, आणि मग नकलेतील ३४ चे ३५ करते. ‘गुण’ जिथल्या तिथे.

घरातील उदाहरण घ्या. दोघा भावंडांना वाचण्यापुरते एक पाठ्यपुस्तक पुरते. पण धाकट्याला त्यात पेन्सिलीने खुणा करायच्या असतील आणि थोरलीला ते कोरे हवे असेल, तर दुसरी प्रत आणावीच लागेल. ही प्रत वर्षाच्या सुरुवातीलाच आणली तर कदाचित पैसे वाया जातील. खुणा करायची वेळ येईल तेव्हाच आणणे शहाणपणाचे. ‘आर’चा नियम हाच आहे : वाचेपर्यंत एकच प्रत, लिहिण्याची वेळ आली आणि मूल्य सामाईक असले तरच नक्कल.

आणि यानंतर शिक्षकांनी ‘सुधारित’मधील पाचवी संख्याही बदलली तर? आता त्या नव्या मूल्याला एकच चिठ्ठी आहे, आकडा १ आहे. त्यामुळे बदल जागच्या जागी होतो, पुन्हा नक्कल होत नाही.

ही मोजणी पूर्वी इतकी नेमकी नव्हती. मूल्याजवळ केवळ ‘कोणी नाही’, ‘एक’ किंवा ‘अनेक’ एवढीच नोंद असे, आणि ती एकदा ‘अनेक’ झाली की सहसा खाली येत नसे. दुसरी चिठ्ठी केव्हाच फेकून दिली असली तरी ‘आर’ बिचारी नक्कल करीत बसे. २०२० साली आलेल्या ४.०.० या आवृत्तीपासून खरीखुरी मोजणी सुरू झाली आणि अशा अनेक फुकटच्या नकला वाचल्या.

जागा किती लागते?

दशांश-संख्येला ‘आर’मध्ये ८ बाइट जागा लागते. पाच संख्यांना ४० बाइट. शिवाय प्रत्येक सदिशाला स्वतःची माहिती ठेवण्यासाठी आजच्या ६४ बिटांच्या संगणकावर ४८ बाइटांचे ‘डोके’ असते. त्यात मूल्य कोणत्या प्रकारचे आहे, त्यात किती संख्या आहेत, ते किती जणांनी धरले आहे अशा नोंदी असतात. म्हणजे एकूण ४० + ४८ = ८८ बाइट. पण संगणकाला विचाराल तर तो ९६ सांगेल!

या जादा ८ बाइटांचे कारण असे. लहान सदिशांसाठी ‘आर’ ठरावीक मापांचे कप्पे आधीच करून ठेवते : ८, १६, ३२, ४८, ६४ आणि १२८ बाइटांचे. ४० बाइटांचा कप्पाच नाही, म्हणून त्यापुढचा ४८ चा मिळतो. ४८ + ४८ = ९६. तयार कपड्यांच्या दुकानात नेमके आपल्या मापाचे मिळाले नाही की एक माप मोठे घ्यावे लागते, तसेच हे. १२८ बाइटांहून मोठ्या सदिशाला मात्र जवळजवळ मापाचीच जागा मिळते; ती फक्त ८ च्या पटीत असते.

आता यादी दहा लाख संख्यांची आहे असे समजा. तिला सुमारे ८० लाख बाइट लागतील. तिला दहा नावे दिली आणि प्रत्येक वेळी नक्कल झाली, तर ८ कोटी बाइट खर्ची पडतील. चिठ्ठ्यांच्या युक्तीने ते ८० लाखांतच भागते.

काटकसर न करणारा प्रोग्रॅम

भाषा काटकसरी असली तरी प्रोग्रॅम लिहिणारा उधळ्या असू शकतो. समजा, तुम्हाला १ लाख संख्यांची यादी तयार करायची आहे. नवशिका विद्यार्थी रिकाम्या यादीपासून सुरुवात करतो आणि ‘सी’ फलनाने दर वेळी शेवटी एक संख्या जोडतो. दिसायला हे सोपे आहे. पण ‘सी’ दर वेळी नवीन यादी बनवते आणि जुन्या सर्व संख्या तिच्यात उतरवते. पहिल्या फेरीत १ संख्या लिहावी लागते, दुसऱ्या फेरीत २, तिसऱ्या फेरीत ३, आणि असेच पुढे. म्हणजे एकूण लेखन

१ + २ + ३ + ... + १,००,०००

ही बेरीज तुम्हाला येते! न × (न + १) ÷ २ या सूत्राने ती ५००,००,५०,००० येते. प्रत्येक संख्येला ८ बाइट धरले, तर ४,००० कोटी बाइटांहून अधिक लेखन झाले. याऐवजी आधीच १ लाख जागांची यादी मागून घेतली आणि एकेक जागा भरत गेलो, तर? यादीला एकच चिठ्ठी असल्यामुळे प्रत्येक बदल जागच्या जागी होतो, आणि भरण्याचे लेखन होते केवळ ८ लाख बाइटांचे. पन्नास हजार पटींचा फरक!

झाडलोट

फेकलेल्या मूल्यांचे काय होते? ‘गुण’ची चिठ्ठी दुसऱ्याच यादीला बांधली, तर जुन्या पाच संख्यांकडे जाण्याचा मार्गच उरत नाही. अशी बेवारस मूल्ये स्मृतीत साचत जातात. जागा कमी पडू लागली की ‘आर’ झाडलोट करते. ती माहीत असलेल्या सर्व नावांपासून निघते, नावाकडून मूल्याकडे, त्या मूल्यात दडलेल्या इतर मूल्यांकडे जाते, आणि जे जे भेटेल त्यावर खूण करते. शेवटी ज्यावर खूण नाही तो कचरा. त्याची जागा मोकळी होते. बहुतेक मूल्ये अल्पायुषी असतात, असा अनुभव आहे. म्हणून नव्या मूल्यांची तपासणी वारंवार होते आणि बरेच दिवस टिकलेल्यांची क्वचित.

हे सर्व आपोआप चालते, तुम्हाला काही करावे लागत नाही. पण एका ठिकाणी ते आपोआप चालत नाही. तेथे माणसाच्या सावधपणावरच सारे अवलंबून असते.

पॅकेज लिहिणाऱ्याची जबाबदारी

‘आर’चे खरे बळ तिच्या पॅकेजांत आहे. पॅकेज म्हणजे एखाद्या कामासाठी कोणीतरी लिहिलेल्या फलनांचा संच. त्यात फलनांबरोबर त्यांच्या वापराची माहिती, लेखकाचे नाव व आवृत्ती सांगणारी धारिका, आणि कोणती फलने बाहेरच्यांना खुली आहेत त्यांची यादी असते. अशी पॅकेजे एकत्र ठेवण्यासाठी १९९७ साली व्हिएन्ना येथे कुर्ट हॉर्निक आणि फ्रीडरिश लाइश यांनी ‘क्रॅन’ हे भांडार सुरू केले. आज त्यात वीस हजारांहून अधिक पॅकेजे आहेत.

आपण आपली यादी अनोळखी माणसाने लिहिलेल्या फलनाकडे बेधडक सोपवतो. का? कारण फलनाने आत कितीही खाडाखोड केली तरी आपली मूळ यादी बदलणार नाही, असा ‘आर’चा शब्द आहे. फलनाच्या आतले नाव म्हणजे आपल्याच मूल्याला बांधलेली आणखी एक चिठ्ठी. बदल करताच तेथे नक्कल होते. (‘एन्व्हायर्नमेंट’ नावाचा एक प्रकार याला अपवाद आहे, त्याची नक्कल होत नाही.)

पण वेग वाढवण्यासाठी पॅकेजाचा काही भाग ‘सी’ नावाच्या भाषेत लिहितात. (हे नाव मघाच्या फलनासारखेच असले, तरी ही गोष्ट वेगळी.) या भाषेतील प्रोग्रॅमच्या हाती थेट पत्ता येतो; आकडा पाहून नक्कल करणारा पहारेकरी तेथे नसतो. तेव्हा लेखकाने दोन नियम स्वतःच पाळायचे असतात.

पहिला नियम : हाती आलेल्या मूल्यावर लिहू नये, आधी त्याची नक्कल करावी. हे विसरले तर वापरणाऱ्याची मूळ यादी त्याच्या नकळत बदलते. पडद्यावर चूक दाखवली जात नाही, सरासरी निघते, आलेख निघतो. फक्त तो चुकीचा असतो. पावसाच्या नोंदी किंवा औषधाच्या चाचणीचे आकडे असे बदलले तर काय अनर्थ होईल, याची कल्पना करा.

दुसरा नियम : नव्याने तयार केलेल्या मूल्याला संरक्षण द्यावे. असे मूल्य जन्मतः बेनाव असते. तेवढ्यात झाडलोट सुरू झाली, तर तिला ते कचराच वाटते. म्हणून ‘प्रोटेक्ट’ अशी आज्ञा देऊन त्यावर ‘हे कामाचे आहे’ अशी नोंद करावी लागते, आणि काम संपल्यावर ती काढावी लागते. ही चूक मोठी फसवी आहे, कारण झाडलोट नेमकी त्याच क्षणी आली तरच ती उघडी पडते. हजार वेळा प्रोग्रॅम बरोबर चालेल आणि हजार एकाव्या वेळी कोसळेल. तिला पकडण्यासाठी ‘जीसी-टॉर्चर’ नावाची सोय आहे. ती चालू केली की नवीन जागा मागताच प्रत्येक वेळी झाडलोट होते. काम अतिशय मंद होते, पण लपलेली चूक लगेच बाहेर येते.

ज्यांची कधी भेट होणार नाही अशा हजारो लोकांचे आकडे आपल्या फलनातून जाणार आहेत, याचे भान ठेवूनच पॅकेज लिहावे लागते. ‘आर’ने दिलेला शब्द तेथे लेखकाला पाळायचा असतो.

करून पाहा

‘आर’ असलेला संगणक मिळाला तर हे प्रयोग करा.

१. ‘ट्रेसमेम’ या फलनाला ‘गुण’ द्या. ते पत्ता दाखवील. मग वरच्या ओळी चालवा. नक्कल होताच जुना आणि नवा पत्ता पडद्यावर उमटेल. दुसरा बदल करताना काही उमटते काय? (काही साहाय्यक प्रोग्रॅम नावांची यादी सतत दाखवत असतात आणि त्यासाठी तेही मूल्य धरून ठेवतात. त्यामुळे एखादी जादा नक्कल दिसू शकते. म्हणून हा प्रयोग ‘आर’च्या साध्या खिडकीत करावा.)

२. ९ दशांश-संख्यांचा सदिश किती बाइटांचा असेल? आणि १७ संख्यांचा? आधी कागदावर काढा, मग ‘ऑब्जेक्ट साइज’ या फलनाने पडताळा.

३. एका मित्राने गुण वाढवणारे फलन लिहिले आणि त्याला ‘गुण’ दिले. नंतर पाहतो तो ‘गुण’ पूर्वीचेच! ‘फलन चाललेच नाही,’ असे तो म्हणतो. त्याचे काय चुकले?

उत्तरे : (१) नाही, तेव्हा मूल्याला एकच चिठ्ठी असते. (२) १७६ आणि १८४ बाइट. पहिल्यास ७२ बाइट हवे असतात, म्हणून १२८ चा कप्पा मिळतो. दुसऱ्यास १३६ बाइट नेमके मिळतात. (३) फलन चालले, पण बदल नकलेत झाला. फलनाने परत दिलेल्या मूल्याला त्याने नावाची चिठ्ठी बांधायला हवी होती.