मैनेची चिठ्ठी

आमच्या घरी मैना नावाची घोडी होती. बारा वर्षे तिने आमचा टांगा ओढला. तिच्या कष्टावर आमची चूल पेटली. पुढे थोरल्याने मालाची रिक्षा घेतली. टांगा बंद पडला. घोडीचा खर्च आम्हाला झेपेना.

मग आम्ही मैनेला सारंगखेड्याला नेले. हे गाव नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी आहे. दत्तजयंतीला तिथे यात्रा भरते. घोड्यांचा मोठा बाजार भरतो. एका शेतकरी भाऊंनी मैना घेतली. माणूस सज्जन दिसला. आम्ही पैसे मोजून घेतले. मैनेच्या मानेवर हात फिरवला आणि माघारी वळलो.

तीन महिन्यांनी त्या बाजूचा एक पाहुणा आला. म्हणाला, "तुमची मैना पार वाळली हो! बरगड्या मोजून घ्याव्यात."

त्या रात्री घरात कोणाला जेवण गेले नाही. म्हातारी आई म्हणाली, "पोर सासरी दिली तरी आपण तिला बघून येतो. हिला एकदा तरी बघून आलात का रे?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

सकाळच्या एसटीने आम्ही निघालो. मनात राग होता. भाऊंना चार शब्द सुनवायचे, असे ठरवूनच गेलो.

मैना झाडाच्या सावलीत उभी होती. खरेच वाळली होती. पण अंगावर कुठे जखम नव्हती. समोर पाणी होते. तोबऱ्यात चंदी होती. भाऊच म्हणाले, "दादा, बरे झाले आलात. आम्ही पोटभर घालतो, पण हिच्या अंगी लागत नाही. काय करावे?"

आम्ही खाली पाहिले. अर्धवट चावलेल्या चाऱ्याचे बोळे पडले होते. लिदीत अख्खे हरभरे होते. तेव्हा आमच्या ध्यानात आले. आमच्याकडे मैनेला हरभरा भरडून, भिजवून देत असू. थोडा थोडा, दिवसातून चार वेळा देत असू. हे आम्ही भाऊंना सांगितलेच नव्हते! चूक आमची होती.

दोघांनी मिळून तिला गुरांच्या डॉक्टरांना दाखवले. ते म्हणाले, "घोड्याचे दात पुष्कळ वर्षे वर येत राहतात आणि चावून झिजतात. झीज सारखी झाली नाही, तर कडांना धार येते. गाल आणि जीभ कापते. मग जनावराला चावता येत नाही." त्यांनी कानशीने दात घासून दिले. वर्षातून एकदा दात दाखवा, असे सांगितले.

मग आम्ही ओट्यावर बसून चिठ्ठी लिहिली. भाऊंच्या सुनेने ती मोठ्याने वाचली. चिठ्ठी अशी होती:

१. हरभरा भरडून, भिजवून द्यावा. एकदम फार देऊ नये. घोड्याचे पोट लहान असते.
२. स्वच्छ पाणी सदा पुढे असावे.
३. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर छाटून नाल बघावी.
४. दिवसात ९ तासांपेक्षा जास्त काम नको. सलग ५ तासांपेक्षा जास्त नको. ऊन ३७ अंशांच्या वर गेले, तर दुपारी १२ ते ३ जुंपू नये. (१९६५ सालच्या सरकारी नियमांत हे सांगितले आहे.)
५. मैना नकोशी झाली, तर आधी आम्हाला कळवावे.

दोन महिन्यांनी भाऊंचा फोन आला. मैनेच्या बरगड्या झाकू लागल्या होत्या. आई त्या दिवशी पोटभर जेवली.

जनावर दुसऱ्याला दिले, तरी जीव तुटतोच. पण नुसत्या काळजीने त्याचे पोट भरत नाही. ऐकीव गोष्टीवर भांडूही नये. देताना सगळे सांगावे आणि लिहून द्यावे. मग एकदा जाऊन डोळ्यांनी बघून यावे.

आता तुम्ही लिहा: तुमच्या घरी कोणते जनावर आहे? ते काय खाते? त्याला काय जपावे लागते? नव्या धन्याला कळेल अशा पाच ओळी लिहा.