पिकअप ट्रकला ट्रेलर जोडताना

अमेरिकेत पिकअप ट्रकच्या मागे नाव, घोडे किंवा फिरते घर वाहणारा ट्रेलर जोडण्याची प्रथा सर्वत्र आढळते. या दोन वाहनांमधील सांधा म्हणजे ‘हिच’. तिची निवड करताना बहुधा एकच प्रश्न विचारला जातो: ती किती वजन ओढू शकेल? वस्तुतः ट्रेलरची दांडी ट्रकच्या मागील टोकावर किती भार टाकते, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे.

हा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के असावा. बैलगाडी हाकणाऱ्याला यामागील कारण समजावून सांगावे लागणार नाही. गाडी धुरजड झाली की जू बैलांच्या मानेवर रुतते; उलाळ झाली की ते वर उचलले जाते. ट्रेलरच्या मागच्या भागात अधिक माल भरला, तर दांडीवरील भार घटतो आणि वेग वाढताच ट्रेलर डावीउजवीकडे झोके घेऊ लागतो. उलट, भार फाजील झाला तर तरफेचा नियम आड येतो. ट्रकच्या दोन आसांमध्ये 12 फूट अंतर असून हिचचा गोळा मागील आसाच्या 4 फूट मागे आहे, असे समजू. दांडीने 600 पौंड भार टाकला, की पुढील चाकांवरील भार 200 पौंडांनी कमी होतो व मागील चाकांवर 800 पौंड वाढतात. ट्रक वळवण्याचे कार्य पुढील चाकांचे आणि थांबवण्याचेही बव्हंशी त्यांचेच, हे ध्यानात घेतले म्हणजे धोका स्पष्ट होतो.

क्षमतेनुसार हिचचे वर्ग पाडलेले असतात. पहिल्याची मर्यादा साधारणतः 2,000 पौंड, दुसऱ्याची 3,500. परंतु हिच, गोळा आणि ट्रक यांपैकी ज्याची क्षमता सर्वांत कमी, तीच संपूर्ण जोडणीची मर्यादा होय. गोळ्याचा व्यासही पाहावा. 2 5/16 इंची वाटीत 2 इंची गोळा सहज शिरतो, जोडणी झाल्यासारखीही वाटते. मात्र एखाद्या खड्ड्यात ट्रेलर सुटू शकतो.

बसवणीचे काम त्या मानाने सोपे आहे. अनेक ट्रकांच्या सांगाड्याला भोके आधीच पाडलेली असतात. हिच जड असल्याने तिला खालून जॅकचा आधार द्यावा, सर्व बोल्ट प्रथम सैल लावावेत आणि नंतर टॉर्क रेंचने, म्हणजे पिळाचे बळ दाखवणाऱ्या पान्याने, निर्मात्याने सांगितले असेल तेवढेच आवळावेत. सुरक्षेच्या साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेद देतील अशा अडकवाव्यात. गोळा निसटलाच, तर दांडी रस्त्यात न रुतता त्या झोळीत पडते.