वडिलांच्या कोल्हापुरी वहाणा

प्रश्न : टापटिपीने राहणाऱ्या वडिलांच्या कोल्हापुरी वहाणा आठवण म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत जपल्या आहेत. बुरशी येते. काय करावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आधी पिशवी काढा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले कातडे कोंडलेल्या ओलाव्यात बुरशी धरते. कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा, मग एरंडेलाचा अगदी पातळ हात फिरवा. माझ्या मते या वहाणा अधूनमधून पायात घालाव्यात. पडून राहिलेले कातडे कडक होऊन तडकते. झिजतील ही भीती रास्तच. पण अस्सल जोडाला खिळे नसतात, शिवण चामड्याच्या वादीची असते, म्हणून तळ उसवून पुन्हा शिवता येतो. कोल्हापुरी वहाणांना मिळालेल्या भौगोलिक मानांकनाच्या ८ जिल्ह्यांत सातारा आणि सांगलीही आहेत, तेव्हा कारागीर जवळपासच शोधा. पावसाळ्यात मात्र घालू नका.