टायर दोनच घ्यायचे असतील तर...
(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

मित्रांनो, सुरुवातीलाच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र घरचा आहे.

गेल्या दिवाळीत पप्पा मला न्यायला बार्शीहून वैरागमार्गे हॉस्टेलवर आले. आमची सेकंडहँड अल्टो गेटसमोर उभी होती. सहज पुढच्या टायरवर नजर गेली, तर पार गुळगुळीत! "पप्पा, हे काय?" म्हटलं. "घेणार होतो गं जूनमध्ये, राहून गेलं," एवढंच म्हणाले. जूनमध्ये माझी फी भरली होती. पुढे मी काही विचारलं नाही. रूममेटचा व्हर्नियर घेऊन खाली आले.

१) आधी मोजा.
व्हर्नियरच्या मागून जी बारीक पट्टी बाहेर येते, ती टायरच्या खाचेत उभी धरा, खोली कळते. मोटारीसाठी किमान खोली १.६ मि.मी. आहे. व्हर्नियर नसला तरी चालेल. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की त्याचं आयुष्य संपलं. आमचे मागचे दोन टायर ३ मि.मी.च्या थोडे वर भरले, पुढचे १.५ च्या आत. त्यातही डावा टायर आतल्या कडेला जास्त झिजलेला, म्हणजे अलाइनमेंट बिघडलेली. ती न करता नवा टायर टाकला तर तोही तसाच खाल्ला जाणार.

२) तारीख वाचा.
पप्पांकडे एकाच टायरचे पैसे होते. त्यांचा हिशेब सोपा होता: एक नवीन घ्यायचा, दुसऱ्या बाजूला स्टेपनी लावायची. स्टेपनीच्या खाचा तर नव्यासारख्या! पण टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या स्टेपनीवर ४११२ होतं, म्हणजे २०१२ सालचा ४१ वा आठवडा. रबर न वापरताही म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन आणि ऊन त्याला कडक करतात, आणि आपल्या सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहेच. वाकून पाहिलं तर कडेला बारीक भेगा होत्या. टायर कितीही कोरा दिसला तरी १० वर्षांनंतर वापरू नये, असं बऱ्याच कंपन्या सांगतात. शेवटी गॅदरिंगसाठी साठवलेले पैसे मी पुढे केले. पप्पा आधी रागावले, मग गप्प बसले. दोन टायर घ्यायचं ठरलं.

३) नवीन टायर मागे!
दुकानदार म्हणाला, "मालक, नवीन पुढंच टाका की. गाडी पुढनंच ओढालीय." पप्पांनाही पटलं. खरं सांगते, मलाही आधी तसंच वाटायचं. पण ओल्या रस्त्यावर वळताना पुढची चाकं घसरली तर गाडी वळायचं सोडून सरळ जाऊ लागते. ॲक्सिलरेटर हळू सोडला की बहुतेक वेळा ती सावरते. मागची चाकं घसरली तर मात्र गाडी स्वतःभोवती फिरते. ती सावरणं तुमच्या-आमच्यासारख्यांचं काम नाही. म्हणून चांगली जोडी मागे. मग आमचे मागचे टायर पुढे आले आणि नवे मागे गेले. साइजही सोडली नाही. आमची १४५/८० आर १२ आहे. स्वस्त मिळतो म्हणून १४५/७० बसवला असता तर चाकाचा व्यास ५३७ वरून ५०८ मि.मी. झाला असता. मग स्पीडोमीटर वेग जास्त दाखवणार आणि गाडीही खाली बसणार.

४) हवा भरायला पैसे लागत नाहीत.
रस्त्यावर पाणी साचलेलं असेल आणि ते खाचांतून बाहेर पडू शकलं नाही, तर टायर पाण्यावर तरंगतो. ब्रेक नाही, स्टिअरिंग नाही! यासाठी नासाच्या संशोधनातून आलेलं एक सोपं सूत्र आहे: हवेच्या दाबाचं (पीएसआयमध्ये) वर्गमूळ काढा आणि १०.३५ ने गुणा, ताशी मैल मिळतात. ३० पीएसआयला उत्तर येतं ताशी साधारण ९१ कि.मी. २० पीएसआयला फक्त ७५! म्हणजे हवा कमी असेल तर संकट १६ कि.मी. आधीच गाठतं. शिवाय कमी हवेचा टायर जास्त दबतो, तापतो आणि उन्हाळ्यात फुटतो. म्हणून पंधरा दिवसांतून एकदा, टायर थंड असताना हवा तपासा. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर बघा.

५) इथे काटकसर नको.
गुळगुळीत टायरवर गरम हत्याराने नव्या खाचा पाडून विकतात. दिसायला छान, पण आतल्या तारांवर रबर उरतच नाही. मोटारीसाठी असला टायर फुकट दिला तरी घेऊ नका. जुना टायर घेणं भागच असेल तर तारीख वाचा आणि रिमवरून उतरवून आतल्या बाजूचे पॅच बघा.

आमची स्टेपनी अजून तीच आहे. पंक्चर झालं तर सावकाश दुकानापर्यंत जाण्यापुरती. तिचा नंबर पुढच्या पगाराला.

मला सोडून परत जाताना वैरागजवळ पप्पांना जोरदार पाऊस लागला. रात्री फोन आला, "पोहोचलो गं, गाडी चांगली चालली." त्या वर्षी गॅदरिंगला मी जुनाच ड्रेस घातला, कोणाच्या लक्षातही आलं नाही.

तर मंडळी, सबमिशन उद्यावर ढकला (सरांनी हे वाक्य वाचू नये), पण आज पार्किंगमध्ये जाऊन आपल्या बाइकचे टायर बघा. आणि सुट्टीत घरी गेलात की घरच्या गाडीचेही. आई-बाबा स्वतःहून सांगणार नाहीत.