घटक ६ : ठरलेला निकाल, न ठरलेला वाद – व्यावसायिक कुस्तीचा प्रेक्षक

६.१ प्रास्ताविक

मागील घटकांमध्ये आपण कादंबरी आणि नाटक यांच्या संदर्भात वाचक-प्रेक्षकाच्या भूमिकेचा विचार केला. कलाकृतीचा अर्थ लेखक एकटा ठरवीत नाही, तो घडविण्यात वाचकाचाही वाटा असतो, हे सूत्र आपल्या परिचयाचे झाले आहे. प्रस्तुत घटकात हेच सूत्र आपण एका अनपेक्षित ठिकाणी तपासून पाहणार आहोत. ते ठिकाण म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक कुस्ती. दूरचित्रवाणीवर आपल्या मुलांनी, कदाचित आपणही, ती पाहिलेली असेल. या कुस्तीचे चाहते कथानकाविषयी आणि ठरावीक मल्लांना मिळणाऱ्या झुकत्या मापाविषयी अखंड वाद घालत असतात. निकाल आधीच ठरलेला असताना हा वाद नेमका कशाविषयी असतो, हे या घटकाचा अभ्यास केल्यावर आपणांस सांगता यावे, एवढीच अपेक्षा आहे.

विषय हलका वाटल्यास क्षणभर थांबावे. लोकप्रिय कलाप्रकारातील प्रेक्षक पुष्कळदा गंभीर साहित्याच्या वाचकापेक्षा अधिक बोलका असतो. त्याची अभिरुची, राग आणि कारणमीमांसा उघडपणे ऐकू येते, त्यामुळे अभ्यासकाचे काम सोपे होते.

६.२ कुस्ती, नुरा कुस्ती आणि ठरलेली कुस्ती

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात बसलेल्या शौकिनाची अपेक्षा सरळ असते: कुस्ती निकाली व्हावी. दोन मल्लांनी आधीच संगनमत केले आहे अशी नुसती शंका आली, तरी मैदान खवळते. 'नुरा कुस्ती' हा शब्द आपल्या राजकीय भाषेतही दूषण म्हणूनच वापरला जातो. तेथे कुस्ती ठरवून होणे ही फसवणूक आहे.

अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीत मात्र तोच या प्रकाराचा पाया आहे. कोण जिंकणार, कसा जिंकणार, त्यानंतर कोण मागून येऊन हल्ला करणार, हे लेखक आणि व्यवस्थापक आधी ठरवितात. मल्ल ते अंगमेहनतीने आणि शरीर पणाला लावून सादर करतात. दीर्घकाळ हे गुपित धंद्यातील माणसांनी कसोशीने जपले. खोटे खरे म्हणून वागविण्याच्या या शिस्तीला त्यांच्या बोलीत 'केफेब' म्हणतात. १९८९ साली तेव्हाच्या डब्ल्यूडब्ल्यूएफ या कंपनीने (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे, आपला कार्यक्रम ही क्रीडास्पर्धा नसून मनोरंजन आहे, अशी भूमिका स्वतःहून घेतली. हेतू व्यावहारिक होता. क्रीडा-नियामक मंडळाची बंधने टाळावयाची होती. एक जुने गुपित अशा रीतीने कलेसाठी नव्हे, तर सरकारी जाच चुकविण्यासाठी उघड झाले. त्यानंतरही प्रेक्षक कमी झाले नाहीत, ही बाब आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिथॉलॉजीज' या ग्रंथात पॅरिसमधील अशा कुस्तीवर लेख लिहिला आहे. हा खेळ नसून देखावा आहे आणि प्रेक्षकाला लढत खरी की ठरलेली याची फिकीर नसते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. प्रेक्षक तेथे वेदना, पराभव आणि न्याय यांची ठसठशीत रूपे पाहावयास येतो. दशावतारी नाटकात संकासुराचा अंत होणार हे ठाऊक असलेला प्रेक्षकही रात्रभर बसतोच.

मराठी समीक्षेतील एक संज्ञा येथे अधिक उपयोगी पडते. न. चिं. केळकर यांनी काव्यानंदाचे स्वरूप सांगताना 'सविकल्प समाधी' ही कल्पना मांडली. स्वतःची भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेशी तादात्म्य पावणे, असा तिचा थोडक्यात आशय. हे सारे लिहिलेले आहे याचे भान कुस्तीच्या चाहत्याला पुरेपूर असते, तरीही आपला मल्ल हरला की त्याचे मन खट्टू होते. त्याच्या सर्व वादांचे मूळ या दुहेरी भानात आहे. अमुक मल्ल का हरला, हा त्याचा प्रश्न नसतो. अमुक मल्लाला हरविले का, हा असतो. मराठीतील हा प्रयोजक क्रियापदाचा फरक आपण लक्षात ठेवावा. या घटकाचा अर्धा आशय त्यात सामावला आहे.

६.३ काही पारिभाषिक शब्द

चाहत्यांच्या चर्चेत काही शब्द वारंवार येतात. नायक म्हणून उभा केलेला मल्ल 'बेबीफेस' आणि खलनायक 'हील'. कोणाची कोणाशी लढत आणि कोणता निकाल, या आखणीस 'बुकिंग' म्हणतात. एखाद्या मल्लाला सलग विजय, मोठ्या लढती आणि भाषणाची संधी देऊन वर चढविणे म्हणजे 'पुश'. पुश व्यवस्थापन देते. प्रेक्षकांच्या मनात जागा मिळविणे याला मात्र 'ओव्हर' होणे म्हणतात, आणि ते कोणालाही बहाल करता येत नाही. या दोन शब्दांतील अंतर वाढले की वाद पेटतो.

६.४ उदाहरण : डॅनियल ब्रायन

१ एप्रिल २०१२ रोजी मायामी येथे 'रेसलमेनिया' या कंपनीच्या सर्वांत मोठ्या वार्षिक सोहळ्यात डॅनियल ब्रायन हा विजेता मल्ल शेमसकडून केवळ १८ सेकंदांत पराभूत झाला. ब्रायन मध्यम उंचीचा, अनेक वर्षे लहान संस्थांच्या रिंगणांत झुंजून कौशल्य कमावलेला मल्ल. लेखकांच्या दृष्टीने तो प्रसंग एक गंमत होती. प्रेक्षकांनी मात्र ती अवहेलना मानली आणि दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमात त्याच्या 'येस! येस!' या घोषणेने सभागृह दणाणून सोडले. ही घोषणा तो खलनायक म्हणून देत असे, लोकांनी चिडावे यासाठी. लोकांनी ती उचलली आणि तिचा अर्थ उलटा केला. संहिता लेखकाची, पण अर्थ प्रेक्षकाचा, याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण आहे.

ऑगस्ट २०१३ मध्ये ब्रायनने जॉन सीना या कंपनीच्या प्रमुख ताऱ्याला हरवून विजेतेपद मिळविले आणि काही मिनिटांतच ते त्याच्याकडून हिरावले गेले. पंच म्हणून उभ्या असलेल्या ट्रिपल एचने त्याच्यावर हल्ला केला आणि रँडी ऑर्टन विजेता झाला. ट्रिपल एच हा तेव्हा मालक असलेल्या मॅकमहन कुटुंबाचा जावई आणि प्रत्यक्षातही कंपनीचा वरिष्ठ अधिकारी. कथेतही त्याची भूमिका तीच होती: ब्रायन दुय्यम दर्जाचा आहे, कंपनीचा चेहरा होण्यास लायक नाही, असे म्हणणारा अधिकारी. चाहत्यांचा प्रत्यक्षातील आरोप असा कथेच्या आत आला. पण ब्रायनला मागे ठेवणारा कथेतील अधिकारी खलनायक आहे, की व्यवस्थापनाचे खरे मत त्याच्या तोंडून बोलते आहे, हे प्रेक्षकाला कळेना. वाद धगधगत राहिला तो या संदिग्धतेमुळे.

२६ जानेवारी २०१४ रोजी पिट्सबर्ग येथे 'रॉयल रम्बल' झाली. या लढतीत ३० मल्ल ठरावीक अंतराने रिंगणात उतरतात आणि अखेर उरणाऱ्याला रेसलमेनियात विजेतेपदासाठी लढण्याचा मान मिळतो. ब्रायनचे नाव त्यात येईल अशी लोकांना आशा होती. तिसावा मल्ल म्हणून रे मिस्टेरियो बाहेर आला, तेव्हा या एरवी लाडक्या मल्लाचीही हुर्यो उडविण्यात आली. त्याचा दोष एवढाच, की तो ब्रायन नव्हता. दीर्घ अनुपस्थितीनंतर नुकताच परतलेला बाटिस्टा जिंकला आणि सभागृहाने त्यालाही झिडकारले.

पुढे आखणी बदलली. मार्चमध्ये मेम्फिस येथे ब्रायनच्या नावाचे कपडे घातलेल्या लोकांनी रिंगण भरून गेले आणि ट्रिपल एचला त्याची मागणी मान्य करावी लागली. अर्थात, हा सत्याग्रहही लिहिलेलाच होता. ६ एप्रिल २०१४ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे ब्रायनने त्याच रात्री आधी ट्रिपल एचला आणि नंतर ऑर्टन व बाटिस्टा यांना हरवून विजेतेपद मिळविले. प्रेक्षकांची सरशी झाली, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. ज्या व्यवस्थेविरुद्ध लोक ओरडत होते, तिनेच त्यांचा विरोध कथानकात घेतला, त्याचे कपडे छापले आणि तिकिटे विकली. विरोधाचा विजय झाला आणि विरोधाची विक्रीही झाली. यांपैकी एकच गोष्ट खरी मानण्याचा मोह टाळावा.

या कथेला एक कटू पुरवणी आहे. मानेच्या शस्त्रक्रियेमुळे ब्रायनला काही आठवड्यांतच विजेतेपद सोडावे लागले आणि डोक्याला वारंवार बसलेल्या माराच्या परिणामांमुळे फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. (२०१८ साली वैद्यकीय परवानगी मिळाल्यावर तो परतला.) निकाल लिहिलेला असतो, पण आपटणे लिहून खोटे करता येत नाही.

६.५ 'लाडका' कोण आणि का?

पक्षपाताचा आरोप तपासताना 'कोणाचा लाडका' हे आधी विचारावे. जानेवारी २०१५ मध्ये फिलाडेल्फिया येथे रॉयल रम्बल रोमन रेन्सने जिंकली. ब्रायन लवकरच बाद झाला आणि त्यानंतर सभागृहाचा रोष अखेरपर्यंत ओसरला नाही. रेन्सला मदत करावयास आलेला, चित्रपटांमुळे जगप्रसिद्ध असलेला द रॉक हाही त्या रोषातून सुटला नाही. रेन्स हा कुस्तीतील ख्यातनाम सामोअन घराण्यातील. उंच, देखणा आणि कंपनीने भावी नायक म्हणून निवडलेला. पुढील काही वर्षे त्याला नायक म्हणून सादर केले गेले आणि लोक त्याची हुर्यो उडवीत राहिले.

ऑक्टोबर २०१८ मध्ये तोच रेन्स रिंगणात आला, आपले खरे नाव सांगून रक्ताचा कर्करोग उलटल्याचे त्याने सांगितले आणि विजेतेपद खाली ठेवले. वर्षानुवर्षे त्याला झिडकारणाऱ्या लोकांनी त्याच्या नावाचा जयघोष केला. यावरून प्रेक्षक चंचल असतो असा निष्कर्ष घाईचा ठरेल. त्यांचा राग त्या माणसावर कधीच नव्हता, त्याच्यासाठी होणाऱ्या लेखनावर होता. बरा होऊन परतल्यावर २०२० साली त्याला खलनायक केले गेले आणि तेव्हा हेच प्रेक्षक त्याच्या अभिनयाला दाद देऊ लागले. घराण्याचा अहंकार हा दोष होता, तोच भूमिकेचा आशय झाला. ऑगस्ट २०२० ते एप्रिल २०२४ असे १,३१६ दिवस विजेतेपद त्याच्याकडे राहिले.

झुकते माप नेहमी घराण्यालाच मिळते असेही नाही. मे २०१७ मध्ये जिंदर महल हा पंजाबी वंशाचा कॅनेडियन मल्ल ऑर्टनला हरवून विजेता झाला. तोवर तो बहुधा पराभव स्वीकारणाऱ्यांपैकी होता. भारतीय बाजारपेठेसाठीच त्याला वर चढविल्याची टीका अमेरिकी चाहत्यांनी केली. नोव्हेंबरमध्ये मँचेस्टर येथे त्याचे विजेतेपद गेले आणि डिसेंबरमध्ये खुद्द नवी दिल्लीत त्याला ट्रिपल एचने हरविले. येथे आपण भारतीय प्रेक्षक म्हणून स्वतःला एक अवघड प्रश्न विचारावयास हवा. ज्याला आपल्यासाठी म्हणून मोठे केले, त्याला आपल्यासमोर पराभूत करणारी ही कथा आपल्याविषयी काय समजत होती? कौशल्याला न्याय मिळावा म्हणणारा चाहता आणि आपला माणूस जिंकावा म्हणणारा चाहता, हे अनेकदा एकाच खुर्चीत बसलेले असतात.

याउलट, ऑगस्ट २०१८ मध्ये बेकी लिंचने पराभवानंतर आपली मैत्रीण शार्लट फ्लेअर हिच्यावर हल्ला केला, तेव्हा लोकांनी बेकीचा द्वेष करावा अशी योजना होती. शार्लट ही विख्यात मल्ल रिक फ्लेअर यांची कन्या. वारसा आणि संधी दोन्ही लाभलेली. लोकांनी हल्ल्याला टाळ्या दिल्या. खलनायिका लिहिली गेली आणि नायिका वाचली गेली. एप्रिल २०१९ मध्ये रेसलमेनियाची अखेरची, मानाची लढत प्रथमच स्त्रियांची झाली आणि ती बेकीने जिंकली.

६.६ कथा कोणाची?

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा तोच पेच आला. रम्बल जिंकलेल्या कोडी रोड्सने रेन्सविरुद्धची आपली जागा द रॉकसाठी सोडावी, असे वळण कथेला मिळाले. द रॉक त्याच सुमारास कंपनीच्या मूळ संस्थेच्या संचालक मंडळावर आला होता. चाहत्यांचा संताप एवढा झाला की आठवडाभरातच कथा फिरली, रॉक खलनायक झाला आणि एप्रिलमध्ये कोडी विजेता झाला. २०१४ साली जे घडण्यास महिने लागले, ते येथे दिवसांत घडले. लोकांची ताकद वाढली म्हणून, की रोष कथेत वळविण्याचे तंत्र कंपनीने आत्मसात केले म्हणून? माझे मत दुसऱ्या पर्यायाकडे झुकते. आपण पहिल्याची बाजू घेऊन युक्तिवाद करून पाहावा. परीक्षेत दोन्ही बाजू ग्राह्य धरल्या जातात.

मराठी संगीत रंगभूमीवरील 'वन्समोअर' आठवावा. कथानक थांबे, मेलेले पात्रही प्रसंगी पुन्हा उठून गाई. प्रेक्षक तेथे पदाची पुनरावृत्ती मागत असे. शेवट बदलावा असे मात्र तो म्हणत नसे. कुस्तीचा चाहता शेवट मागतो, आणि मिळाला तर तो आपला की कंपनीचा यावरही भांडतो.

६.७ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. 'पुश' आणि 'ओव्हर' या संकल्पनांतील फरक सांगून, त्या मराठी दूरचित्रवाणी मालिकेतील एखाद्या पात्राला लावून पाहा.

२. 'सविकल्प समाधी' या संज्ञेच्या आधारे ब्रायनच्या चाहत्यांच्या वर्तनाचे विवेचन करा. ही संज्ञा कोठे अपुरी पडते?

३. क्षेत्रीय कार्य : दारासिंग आणि किंगकाँग यांच्या लढती पाहिलेली किंवा त्यांविषयी ऐकलेली एखादी वडीलधारी व्यक्ती, तसेच आजची कुस्ती पाहणारा एखादा शाळकरी मुलगा किंवा मुलगी, यांच्याशी बोला. 'हे खरे असते का?' हा प्रश्न दोघांनाही विचारा, मात्र शेवटी. त्याआधी त्यांचा आवडता मल्ल कोण आणि त्याच्यावर अन्याय कधी झाला, हे विचारा. उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून काढा.