खत पिकले की नाही?

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, असे आपण म्हणतो. शेतकऱ्याला मात्र इतकी वाट पाहता येत नाही. अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी इंदूर येथे सिद्ध करून १९३१ साली ग्रंथरूपाने मांडलेल्या पद्धतीने कंपोस्ट सुमारे तीन महिन्यांत तयार होते. पण ते खरोखर पिकले, हे ओळखावे कसे?

प्रश्न क्षुल्लक नाही. अर्धकच्चे खत शेतात पडले की त्यातील जिवाणू कुजवण्याचे काम पुढे चालू ठेवतात व त्यासाठी लागणारा नत्र जमिनीतून उचलतात. पीक पिवळे पडते. खतातील अमोनिया व सेंद्रिय आम्ले यांमुळे बियांची उगवणही खुंटते. काळा रंग, मातीचा वास, थंड झालेला ढीग या जुन्या खुणा उपयोगी आहेत खऱ्या. पण नुसता कोरडा पडलेला ढीगही थंडच असतो.

येथे अवरक्त किरण मदतीस येतात. विल्यम हर्शेल यांना १८०० साली वर्णपटातील तांबड्या रंगापलीकडे तापमापक ठेवल्यावर त्यांचा शोध लागला. रेणूंमधील बंध सतत कंप पावत असतात आणि आपल्या कंपनाशी जुळणारेच किरण शोषून घेतात. खताचा नमुना वाळवून, बारीक दळून, पोटॅशियम ब्रोमाइडच्या भुकटीत मिसळून त्याची चकती दाबतात. तिच्यातून अवरक्त किरण सोडले की शोषणाचा आलेख मिळतो. त्यावरील आकडे म्हणजे एका सेंटिमीटरात मावणाऱ्या लहरींची संख्या होय.

२९२० व २८५० जवळची शिखरे मेद, मेण इत्यादींतील कार्बन-हायड्रोजन बंधांची असतात. खत कुजत जाते तशी ती खुजी होतात. १६५० च्या आसपासचा पट्टा, ज्यात ह्यूमसमधील वलयी रचनांचा वाटा असतो, तो तुलनेने टिकून राहतो. म्हणून या दोहोंचे गुणोत्तर पाहतात. पुढे १३८४ जवळ नायट्रेटचे टोकदार शिखर उमटते. अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर होऊ लागल्याची ती खूण होय.

तथापि एका आलेखावर विसंबू नये. १०३० जवळ कर्बोदके दिसतात, तशीच खतात मिसळलेली माती व वाळूही दिसते. म्हणून एकाच ढिगाचे नमुने ठरावीक दिवसांनी घेऊन आलेख ताडून पाहावेत, आणि अखेरीस त्या खताच्या अर्कात थोडे बी रुजवून पाहावे. दोन्हींची साक्ष जुळली, तरच ते खत निर्धास्तपणे शेतात घालावे.